हरिकेनच्या गावात भाड्याने घर घेताना: टॅम्पाला येणाऱ्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या पोरापोरींचे नेहमीचे प्रश्न

मी मूळची चोपड्याची, २०१९ पासून अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पाला आहे. दरवर्षी मे महिना आला की फोन सुरू होतात, अमक्याचं पोरगं युनिव्हर्सिटी ऑफ साउथ फ्लोरिडाला निघालंय, तमक्याच्या पोरीला नोकरी लागलीय, जरा रूम बघून दे. बघून देते, पण प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. ह्यूस्टन नाहीतर मायामीला जाणाऱ्यांना पण यातलं बरंच कामी येईल, फक्त कायद्याचं जे लिहिलंय ते फ्लोरिडाचं आहे, टेक्सासचे नियम वेगळे.

ताई, हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच ना? मग एवढं काय त्याचं?

हो तेच, समुद्र वेगळा म्हणून नाव वेगळं. सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि सगळ्यात जोर १० सप्टेंबरच्या आसपास. आता तुमचं सेमिस्टर सुरू होतं ऑगस्टमध्ये, म्हणजे बॅगा पूर्ण उघडायच्या आत तुम्ही ऐन सीझनमध्ये असता, आणि घर मात्र घेतलेलं असतं जळगावच्या उन्हात बसून फोटो बघून.

दुसरं म्हणजे आपल्याकडे वादळ म्हटलं की रावेर-यावल-चोपड्याला मे-जूनमध्ये केळीचे बागच्या बाग आडवे होतात तेच डोळ्यासमोर येतं, त्यामुळे आपलं डोकं पहिलं वाऱ्याकडे जातं. टीव्हीवरची कॅटेगरी १ ते ५ पण फक्त वाऱ्याची असते, ताशी ११९ किलोमीटरपासून १ नंबर आणि २५२ च्या वर ५ नंबर. पण इकडे वादळात थेट जे जीव जातात ते जास्त करून पाण्यात जातात, वाऱ्यात कमी, आणि पाणी किती येणार ते कॅटेगरी सांगतच नाही. म्हणून घर बघताना माझा पहिला प्रश्न एकच असतो, पाणी कुठून येईल आणि किती. स्विमिंग पूल, जिम, बाल्कनी ते सगळं नंतर.

मग कुठल्या भागात बघू?

२०२४ चं सांगते म्हणजे कळेल. २६ सप्टेंबरच्या रात्री हेलीन वादळ आलं, ते टॅम्पाला आलंच नाही, पार वर पेरी गावाजवळ जमिनीवर चढलं, आमच्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटर लांबून गेलं. इथे वारा होता पण फार नाही, लोक म्हणाले सुटलो. आणि मग रात्री खाडीचं पाणी चढलं ते टॅम्पा बेच्या बऱ्याच ठिकाणी आजवरचा रेकॉर्ड मोडून गेलं. याला स्टॉर्म सर्ज म्हणतात, वारा समुद्र ढकलत आणतो. आपल्याला हे तसं नवीन नाही, पाऊस पडतो मेळघाटात आणि दरवाजे उघडतात हतनूरचे, तसंच.

मग बरोबर १३ दिवसांनी, ९ ऑक्टोबरला मिल्टन. हे आमच्या दक्षिणेला सिएस्टा कीजवळ चढलं, आणि गंमत म्हणजे त्या वाऱ्याने खाडीतलं पाणी उलट बाहेर ओढून नेलं, तळ दिसायला लागला. पण वरून पाऊस असा पडला की खाडीपलीकडच्या सेंट पीटर्सबर्गला ४५० मिलिमीटरच्या वर झाला, आपल्याकडे अख्ख्या पावसाळ्यात पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त. क्लिअरवॉटरला एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समधून ५०० हून जास्त लोकांना बाहेर काढावं लागलं.

म्हणजे समुद्राजवळ नाही म्हणून सुटलो असं नाही. तरी पण समुद्राजवळचं टाळाच. सेंट पीटर्सबर्गचं शोअर एकर्स, टॅम्पाचं डेव्हिस आयलंड्स, फोटोत लई भारी दिसतं, मी तिथे फिरायला जाते, राहायला जाणार नाही. शोअर एकर्सला तर वादळ नसताना नुसत्या मोठ्या भरतीला पण रस्त्यावर पाणी येतं. विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटीच्या आजूबाजूचा भाग, टेम्पल टेरेस, न्यू टॅम्पा हे आत आणि उंचावर आहे, पण तिथे पण सखल खड्डे आहेत, नदी आहे, म्हणून पत्ता टाकून नकाशा बघायचाच.

नकाशात एका ठिकाणी झोन ए येतं आणि दुसरीकडे एक्स, बरोबर कुठलं?

दोन्ही बरोबर, कारण दोन वेगळे नकाशे आहेत आणि ही गफलत दर वर्षी होते. इव्हॅक्युएशन झोन काउंटी, म्हणजे आपला जिल्हा, ठरवते, आमच्या हिल्सबरो काउंटीत ए ते ई, आणि तो सांगतो की समुद्राचं पाणी चढणार असेल तर घर सोडायला कोणाला आधी सांगायचं, ए वाले पहिले. फ्लड झोन फेमाचा, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन खात्याचा असतो, त्यात ए, एई, व्ही, व्हीई म्हणजे जोखीम जास्त आणि एक्स म्हणजे कमी. एक्स म्हणजे पाणी येणारच नाही असं मात्र नाही हं. आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर असं जे म्हणतात त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता, लागोपाठ दोन वर्षं पण येऊ शकतो. दोन्ही नकाशे फुकट आहेत, पत्ता टाकला की दिसतं, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कितवा मजला घेऊ? फर्स्ट फ्लोअर स्वस्त मिळतोय.

थांब भो! इकडचा फर्स्ट फ्लोअर म्हणजे आपला तळमजला. आपल्या डोक्यात पहिला मजला म्हणजे एक जिना वर, आणि हे लीज, म्हणजे भाडेकरार, सही करून आल्यावर कळतं. आपला पहिला मजला म्हणजे इकडचा सेकंड. मी सेकंड सांगते, नाहीतर तीन मजली बिल्डिंगमध्ये मधला. सगळ्यात वरचा नको, छप्पर उडालं नाही तरी वाऱ्याने कौलाखालून पाणी शिरतं आणि सीलिंग ओलं होऊन खाली येतं. आणि फार उंच टॉवरमध्ये लाईट गेली की लिफ्ट बंद, पाण्याचे कॅन घेऊन दहा मजले चढून बघा.

बिल्डिंग जुनी असली तर चालते का?

१९९२ ला अँड्र्यू नावाच्या वादळाने मायामीच्या दक्षिणेला घरंच्या घरं उखडली, त्यानंतर नियम कडक झाले आणि २००२ पासून अख्ख्या राज्याला एकच बिल्डिंग कोड लागू झाला. त्यामुळे २००२ नंतरची असली तर बरं. बांधल्याचं वर्ष काउंटीच्या प्रॉपर्टी अप्रेझरच्या, म्हणजे घरांची नोंद आणि किंमत ठेवणाऱ्या ऑफिसच्या, वेबसाइटवर पत्ता टाकला की दिसतं, कोणाला विचारायची गरज नाही. खिडक्यांना इम्पॅक्ट ग्लास, म्हणजे वादळाचा मार सोसणारी काच, आहे की शटर लावावे लागतात, आणि लावायचे तर ते कोण लावणार, तुम्ही की मेंटेनन्सवाला, हे ईमेलवर विचारा. काचेवर फुलीसारखा टेप मारतात त्याचा काही उपयोग नाही. आणि मोबाइल होम, म्हणजे ते चाकावर आणलेलं घर, कितीही स्वस्त असू दे, नको. त्यांना झोन न बघता बाहेर काढतात.

आधी पाणी शिरलेलं घर कसं ओळखायचं? मालक थोडीच सांगणार.

आता सांगावं लागतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून फ्लोरिडात एक वर्ष किंवा त्याहून जास्त मुदतीचं लीज असेल तर सहीच्या वेळी किंवा त्याआधी मालकाने वेगळ्या कागदावर लिहून द्यायचं, की या जागेत पूर येऊन गेल्याचं त्याला माहीत आहे का, त्याने पुराचा इन्शुरन्स क्लेम केलाय का, फेमाची मदत घेतलीय का. नाही दिला कागद आणि नंतर पुरात तुमच्या सामानाचं निम्म्याहून जास्त नुकसान झालं तर तुम्हाला लीज मोडता येतं, पण ३० दिवसांच्या आत लेखी कळवायचं. यातली मेख अशी की वर्षापेक्षा कमी लीजला हे लागू नाही, आणि आपली पोरं सबलीजवरच, म्हणजे दुसऱ्या भाडेकरूकडून थोड्या महिन्यांसाठी घेतलेल्या जागेतच, जास्त असतात.

म्हणून कागदावर सगळा भरवसा ठेवू नका, डोळ्यांनी बघा. इकडच्या भिंती विटांच्या नाहीत, ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या पाट्या. पाणी शिरलं की खालचे तीन-चार फूट कापून नवीन बसवतात. त्यामुळे भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला आडवी जोडरेषा दिसते का, खालच्या अर्ध्यालाच नवीन रंग आहे का, फ्लोरिंग नवीन आणि कपाटं जुनी असं विचित्र आहे का, वॉटर हीटरचा बूड गंजलाय का हे बघायचं. मोठ्या कपाटात डोकं घालून वास घ्या, ओलीचा वास लपत नाही, आपल्या माळवदाच्या घरात श्रावणात यायचा ना, तसाच येतो. आणि बाहेर गाड्या पुसणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या भाडेकरूला विचारा, मिल्टनला पाणी कुठपर्यंत होतं, ऑफिसमधली मुलगी सांगणार नाही ते तो हात करून दाखवतो.

अजून एक, लेक व्ह्यू. माझं पहिलं घर लेक व्ह्यू होतं, महिन्याला वरचे पैसे भरून घेतलं होतं. तो लेक बिक काही नसतो, पावसाचं पाणी साठवायला खोदलेला खड्डा असतो, जवळजवळ प्रत्येक कॉम्प्लेक्समध्ये असतो. एका ऑगस्टमध्ये साधं वादळ पण नव्हतं, नुसता पाऊस, तो खड्डा भरला आणि पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या सीटपर्यंत पाणी. ऑफिसवाले म्हणाले पार्किंग तुमच्या जबाबदारीवर. लीजमध्ये खरंच तसं लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. त्या खड्ड्यात मगर पण होती, ते वेगळं.

इथूनच डिपॉझिट पाठवून घर पक्कं करू का? मालक म्हणतो दोन दिवसांत दुसरं कोणी घेईल.

दोन दिवसांत घेईल म्हटला की तिथेच सावध व्हा. धंदा ठरलेला आहे, खऱ्या घराचे फोटो उचलायचे, भाडं थोडं कमी टाकायचं, मी सध्या बाहेरगावी आहे चावी कुरिअरने पाठवतो म्हणायचं, आणि पैसे झेलने (फोनवरून थेट बँकेतून बँकेत पैसे जातात ते) नाहीतर बँकेच्या वायर ट्रान्सफरने मागायचे. झेलने गेलेला पैसा परत येणं जवळजवळ अशक्य. वादळानंतर तर हे प्रकार वाढतात कारण घरं कमी आणि लोक घाईला आलेले.

प्रॉपर्टी अप्रेझरच्या त्याच वेबसाइटवर मालकाचं नाव पण असतं, ते आणि तुमच्याशी बोलणाऱ्याचं नाव जुळतंय का बघा. कॉम्प्लेक्स असेल तर त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून नंबर घेऊन ऑफिसला फोन लावा, जाहिरातीतल्या नंबरला नाही. आणि आपल्यापैकी कोणाला तरी तिथे उभं करून व्हिडिओ कॉल लावा, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नको. माझ्या बघण्यातली एक सरळ वाट म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे सीनियर पोरांच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपा आणि मग स्वतः फिरून घर घ्या. खर्च थोडा जास्त होतो, झोप कमी होते, पण चालतं.

सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इकडचा सरकारी ओळख क्रमांक, नाही, क्रेडिट हिस्ट्री नाही म्हणून कॉम्प्लेक्सवाले जास्त डिपॉझिट नाहीतर गॅरंटर मागतात, ते नेहमीचं आहे, त्यात फसवणूक नाही. फ्लोरिडात डिपॉझिटला वरची मर्यादा नाही.

लीजमध्ये नेमकं काय वाचू? चाळीस पानं आहेत.

चाळीसच्या चाळीस वाचा, प्रवासात विमानात वेळच वेळ असतो. घाई असेल तर एवढं तरी: घर राहण्यालायक राहिलं नाही तर काय, लीज मधेच सोडलं तर किती महिन्यांचं भाडं, पार्किंगमधल्या नुकसानीचं काय, इन्शुरन्स कोणता सक्तीचा आहे, आणि रूममेट पळून गेला तर. शेवटचं महत्त्वाचं आहे, चौघांच्या सह्या एकाच लीजवर असतील तर बहुतेक वेळा प्रत्येक जण पूर्ण भाड्याला बांधलेला असतो. वादळ बघून घाबरून कोणी परत गेला की बाकी तिघं भरतात.

घरात पाऊल टाकल्या दिवशी एकेक भिंत, सीलिंग, खिडकीची कड याचा व्हिडिओ काढून स्वतःलाच ईमेल करा, तारीख राहते.

रेंटर्स इन्शुरन्स कॉम्प्लेक्सनेच दिलाय, मग बस ना?

नाही, आणि इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. कॉम्प्लेक्स जे महिन्याच्या बिलात जोडून देतं ते बरेचदा नुसतं लायबिलिटी असतं, म्हणजे तुमच्या हातून त्यांची बिल्डिंग जळली तर त्यांना पैसे मिळतात. तुमचा लॅपटॉप, गादी, कपडे त्यात नसतात. स्वतःच्या सामानाची वेगळी रेंटर्स पॉलिसी घ्या. त्यात वाऱ्याने झालेलं नुकसान, चोरी, आग येतं, आणि अशा कारणाने घर राहण्यालायक राहिलं नाही तर हॉटेलचा खर्च पण मिळतो.

पण पूर त्यात नसतो. छप्पर उडून पाऊस आत आला तर पैसे मिळतात, दारातून पाणी आत आलं तर नाही. पुरासाठी वेगळी पॉलिसी लागते, सरकारी योजनेत भाडेकरूला नुसत्या सामानाची मिळते, जास्तीत जास्त १ लाख डॉलरपर्यंत, आणि ती साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते. म्हणजे टीव्हीवर वादळ गोल फिरताना दिसलं की घेऊ म्हणाल तर गेलं. इकडे येताच, जमलं तर लीज सुरू होतानाच घ्या. सेकंड फ्लोअरला असाल तर एकवेळ विचार करा घ्यायची की नाही, पण तळमजल्याला असाल तर घ्याच. गाडीला कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्शुरन्स असेल तर पाण्यात बुडालेल्या गाडीचे पैसे मिळतात, मला मिळाले नव्हते कारण मी शंभर डॉलर वाचवले होते.

सरकार मदत देतं ना नुकसान झालं तर?

फेमा भाडेकरूंना पण पैसे देतं, पण त्यासाठी अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डवाले वगैरे असावं लागतं. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) आणि एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्यांना ती रोख मदत मिळत नाही. घरात इथे जन्मलेलं मूल असेल तर त्याच्या नावाने अर्ज करता येतो. शेल्टर, पाणी, जेवण हे मात्र व्हिसा न विचारता सगळ्यांना मिळतं.

वादळात घर खराब झालं, मालक म्हणतो भाडं भरत रहा. भरायचं का?

फ्लोरिडाच्या कायद्यात कलम ८३.६३ आहे. तुमची चूक नसताना घराचं इतकं नुकसान झालं की तिथे नीट राहताच येत नाही, तर तुम्ही लीज संपवून लगेच निघू शकता. एखादीच खोली गेली तर ती सोडून तेवढं भाडं कमी होतं. पण हे तोंडी नाही, लेखी कळवायचं, फोटोसकट, तारखेसकट. एसी बंद, सीलिंग गळतंय अशा दुरुस्तीसाठी मालकाला आधी ७ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नुसतं रागावून भाडं थांबवलं तर तो ३ दिवसांची नोटीस देऊन कोर्टाची वाट धरू शकतो, आणि घर खाली करायची केस नावावर लागली की पुढे कोणी घर देत नाही. लाईट-पाणी तोडणं किंवा कुलूप बदलणं हे मात्र मालकाला कायद्याने करता येत नाही.

डिपॉझिट काही कापायचं नसेल तर १५ दिवसांत परत, कापायचं असेल तर ३० दिवसांत कारणासकट नोटीस, नाही पाठवली तर कापायचा हक्क जातो. निघताना नवा पत्ता लेखी द्या, नाहीतर ते म्हणणार आम्ही पाठवली होती. आणि एफ-१ वाल्यांनो, पत्ता बदलला की १० दिवसांच्या आत युनिव्हर्सिटीला कळवायचं असतं, वादळ आलं होतं म्हणून ते माफ होत नाही.

वादळाआधी घरात काय भरून ठेवू?

पाणी, माणशी दिवसाला ३.८ लिटर. शेगड्या बहुतेक इलेक्ट्रिक असतात, लाईट गेली की चहा पण नाही. मिल्टनला फ्लोरिडात ३० लाखांहून जास्त ग्राहकांची लाईट गेली होती, माझ्याकडे चार दिवस नव्हती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, बिबडे कच्चेच चावायची तयारी. फ्रिज उघडला नाही तर चार तास गार राहतो. गाडीत पेट्रोल, खिशात रोख, पासपोर्ट आणि आय-२० (युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेला कागद) झिपच्या पिशवीत. बाल्कनीतली खुर्ची, तुळशीची कुंडी सगळं आत. कोणी जनरेटर आणला तर बाल्कनीत किंवा जिन्यात लावू देऊ नका, धुराने झोपेत माणसं जातात, तो घरापासून २० फुटांवर बाहेरच हवा.

घर सोडायला सांगितलं तर कुठे जायचं? मायामी की अटलांटा?

एवढं लांब जायची गरज नसते आणि ती चूकच असते, हायवेवर बारा तास अडकाल. पाण्याच्या झोनमधून बाहेर पडायचं, राज्यातून नाही, वीस-तीस किलोमीटर आत कोणाच्या पक्क्या घरी गेलं तरी पुरतं. म्हणून आधीच ठरवून ठेवा की तुम्ही कोणाकडे जाणार, आणि न लाजता विचारून ठेवा, आपल्याकडे सुरतला २००६ ला पाणी भरलं तेव्हा उधना-लिंबायतची माणसं गावाकडे आलीच होती की. आणि पाण्यातून गाडी घालायची नाही. एक फूट पाणी लहान गाडी उचलतं, दोन फूट बहुतेक सगळ्याच, आणि वाहतं पाणी सहा इंच असलं तरी माणूस पडतो.

बाई, मी धुळ्याहून बोलतोय. पोरीचा फोन लागला नाही तर काय समजायचं?

काका, फोन लागत नाही म्हणजे बहुतेक वेळा टॉवरची लाईट गेलीय, एवढंच समजा. कॉल लागत नाही तेव्हा पण साधा मेसेज बरेचदा जातो, तर पोरीला आधीच सांगून ठेवा की सकाळ-संध्याकाळ एक ओळ टाकायची, कुठे आहे आणि सोबत कोण. तिच्या घराचा पत्ता, कुठल्या झोनमध्ये आहे, ती ज्यांच्याकडे जाणार त्यांचा नंबर, एक रूममेटचा नंबर हे कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. उठसूट फोन लावू नका, तिची बॅटरी संपते. मिल्टन जमिनीवर चढलं तेव्हा इथे रात्रीचे साडेआठ होते, म्हणजे तुमच्याकडे सकाळचे सहा. आमचे आबा चोपड्याला पहाटेपासून टीव्हीसमोर बसून होते, एकदा पण फोन केला नाही, फक्त एक मेसेज टाकला, पानी कितलं शे, जेवनी का. त्याला उत्तर द्यायला मला दोन मिनिटं पुरली, आणि चार्जिंग ६० टक्के शिल्लक होतं.